सात महिने सतरा दिवसांच्या पंतप्रधानावर वीस मिनिटं कसं बोलायचं

आमच्या गिरगावातल्या वाडीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनकट्टा असतो, साधारण पंचवीसेक माणसं येतात, कोणीतरी एक वीस मिनिटं बोलतो आणि मग चहा आणि प्रश्न. माझ्या वाट्याला आला होता 'फ्रान्सचा एखादा माजी पंतप्रधान', म्हणजे नाव मीच निवडायचं. मी घेतला पिएर मँदेस फ्रान्स. बोलून झाल्यावर तिघाचौघांनी विचारलं की असा विषय तयार कसा केलास, आम्हालाही पुढच्या वेळी परदेशी माणसावर बोलायचंय, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. तुम्ही दुसरा कोणी निवडलात तरी रीत हीच चालेल, पण मी उदाहरणं माझ्याच माणसाची देणार कारण तो माणूस मला मनापासून आवडलाय.

पहिलं काम नाव आणि पदाचं, इथेच बऱ्याच जणांची गाडी घसरते. 'फ्रान्स' हा त्यांच्या आडनावाचा भाग आहे, देशाचं नाव चुकून मागे जोडलेलं नाही. त्यामुळे सर्च करताना पूर्ण नाव टाका नाहीतर भलतंच काहीतरी येतं. फ्रान्समध्ये लोक सरळ आद्याक्षरं घेऊन 'पे एम एफ' म्हणायचे. आणि पद! ते १९५४ साली सरकारचे प्रमुख होते पण तेव्हा त्या पदाला अधिकृतपणे 'पंतप्रधान' म्हणत नव्हते, 'मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष' म्हणायचे. हे वाचून काही जण त्यांना राष्ट्राध्यक्ष करून टाकतात. राष्ट्राध्यक्ष तेव्हा रने कोती होते, वेगळा माणूस, वेगळं पद. मराठीत बोलताना पंतप्रधान म्हटलं तरी चालतं, मी पण तेच म्हटलं, फक्त सुरुवातीला एका वाक्यात खुलासा करा.

मग काळ समजून घ्या, पण त्यात बुडू नका. १९४६ ते १९५८ हे फ्रान्सचं चौथं प्रजासत्ताक, बारा वर्षांत वीसच्या वर सरकारं आली आणि गेली. संसद बलवान, पक्ष भरपूर, बहुमत कोणाचंच नाही, त्यामुळे बहुतेक नेते कुठलाही कठीण निर्णय पुढे ढकलत राहायचे कारण निर्णय घेतला की सरकार पडायचं. एवढं तीन वाक्यांत सांगितलं की श्रोत्यांना कळतं की आपला माणूस वेगळा का होता. त्यापेक्षा जास्त सांगाल तर पाच मिनिटं तिथेच जातील.

आता मुख्य गोष्ट. मी पहिला मसुदा केला तो जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ रेषेत. जन्म ११ जानेवारी १९०७ पॅरिस, मूळचं पोर्तुगालहून आलेलं ज्यू घराणं, वडिलांचा कपड्यांचा धंदा, पोरगा वकील झाला, १९३२ साली पंचविसाव्या वर्षी नॉर्मंडीतल्या लुव्हिए भागातून खासदार झाला आणि संसदेतला सगळ्यात तरुण सभासद ठरला, १९३५ ला तिथलाच महापौर, १९३८ ला लिऑन ब्लूम यांच्या सरकारात अर्थखात्यात उपमंत्री... असं बारा पानं. आत्याला वाचून दाखवलं, ती चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवायची. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "अगं, सनावळ्या पाठ झाल्या मला, पण हा माणूस कसा होता ते काही कळलं नाही." मग तिनेच विचारलं की याने आयुष्यात खुर्ची कधी कधी सोडली ते बघ. मंत्री कसा झाला त्यापेक्षा खुर्ची का सोडली त्यात माणूस दिसतो. मी ती पानं बाजूला ठेवली आणि परत बसले.

म्हणून माझी रीत अशी: तुमच्या माणसाच्या आयुष्याचा एक कणा शोधा आणि बाकी सगळं त्याला टांगा. मँदेस फ्रान्स यांचा कणा म्हणजे राजीनामे आणि मुदती. त्यावर न बसणारी माहिती कितीही रंगीत असली तरी काढून टाकायची. मी सहा पानं काढली, जीव तुटला, पण काढली.

पहिला राजीनामा १९४५ चा. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, मँदेस फ्रान्स हे जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंचांचे नेते जनरल द गॉल यांच्या सरकारात राष्ट्रीय अर्थव्यवस्थेचे मंत्री. त्यांचं म्हणणं होतं की युद्धात छापलेल्या पैशाचा पूर आलाय, काळाबाजारवाले गब्बर झालेत, तेव्हा जुन्या नोटा बदलून घ्यायला लावा आणि खात्यांतला काही पैसा गोठवा, नाहीतर महागाई गरिबाला खाईल. बेल्जियमने तसं केलं होतं. हे सांगताना २०१६ ची नोटबंदी आठवते सगळ्यांना, तुलना करायचा मोह होतो, मी केली नाही कारण काळ, कारणं आणि पद्धत सगळंच वेगळं आणि एकदा ती चर्चा सुरू झाली की मँदेस फ्रान्स राहतात बाजूला. अर्थमंत्री प्लेव्हन सौम्य मार्गाचे होते, द गॉल यांनी प्लेव्हन यांची बाजू घेतली, आणि एप्रिल १९४५ मध्ये मँदेस फ्रान्स बाहेर पडले. जी गोष्ट चुकीची वाटते तिचा भार मी मंत्री म्हणून वाहणार नाही, इतकी सरळ भूमिका.

याच्या आधीची युद्धातली गोष्ट मात्र ठेवा, कारण श्रोते तिथे जागे होतात. १९४० साली जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर हे हवाई दलातले अधिकारी, लढाई आफ्रिकेतून चालू ठेवायची म्हणून 'मासिलिया' नावाच्या बोटीने मोरोक्कोला गेले. जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने त्यांच्यावर सैन्यातून पळाल्याचा खोटा आरोप लावला, क्लेर्मों-फेराँला खटला चालवला आणि सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. जून १९४१ मध्ये ते तुरुंगातून निसटले. ते भिंतीवर चढले तर खाली झाडाखाली एक जोडपं बसलेलं, मुलगा मनवतोय, मुलगी ठरवत नाहीये, आणि हे वरती श्वास रोखून बसलेत, जोडपं उठेपर्यंत उतरता येईना. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे कॅमेऱ्यासमोर सांगितलाय. मी हे सांगताना मरीन ड्राइव्हचा कट्टा आठवा म्हटलं आणि अख्खी खोली हसली, आणि त्या हसण्यानंतर मी सांगितलं की हाच माणूस लंडनला पोचून मुक्त फ्रेंच दलाच्या 'लॉरेन' तुकडीत बॉम्बफेकी विमानांवर गेला, म्हणजे सुरक्षित ऑफिसात बसता आलं असतं तरी. हसू आणि नंतर हे, असा क्रम ठेवा, उलटा नको.

आता मुंबईकरांसाठी सगळ्यात महत्त्वाची टिप. परदेशी माणूस लोकांना जवळचा वाटायला हवा असेल तर आपल्याकडचा खरा धागा शोधा, ओढूनताणून नको. मला दोन सापडले.

एक धागा जुलै १९४४ चा. अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देशांची परिषद, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला. फ्रेंच शिष्टमंडळाचे प्रमुख मँदेस फ्रान्स. आणि भारताच्या शिष्टमंडळात कोण? आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, महाडजवळच्या नातेचे. नाणेनिधीत फ्रान्सचा कोटा ठरला ४५ कोटी डॉलर आणि भारताचा ४० कोटी, म्हणजे आपण गुलाम असतानाही आकड्यात फ्रान्सच्या मागोमाग होतो आणि मँदेस फ्रान्स आपल्या देशाला कमी मिळालं म्हणून नाराज होते. इथे एक जपा, दोघे एकाच परिषदेत होते इतकंच लिहा, दोघांची मैत्री झाली, गप्पा झाल्या असलं काही आपल्या मनाने घालू नका.

पण खरा काटा अंगावर आला तो पुढे. मे १९५६, पंतप्रधान गी मोले यांच्या सरकारात मँदेस फ्रान्स बिनखात्याचे मंत्री होते, उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच ताब्यातल्या अल्जीरियात स्वातंत्र्याचं बंड चालू होतं, सरकार तिथे फक्त लष्कराच्या जोरावर चाललंय, राजकीय तोडगा काढत नाही, म्हणून त्यांनी २३ मे ला राजीनामा दिला. आणि दोनच महिन्यांनी, जुलै १९५६ मध्ये, देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं, कशासाठी, तर मुंबईसाठी! आपल्या मुंबईला महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध. हे मी टाईमलाईन शेजारी शेजारी लिहीत होते तेव्हा दिसलं, म्हणून सांगते की दोन रकान्यांची टाईमलाईन कराच, डावीकडे तुमचा माणूस आणि उजवीकडे महाराष्ट्र. हुतात्मा चौकावरून रोज जाणाऱ्या माणसाला अल्जीरिया कुठे आहे ते माहीत नसलं तरी राजीनाम्याची किंमत माहीत असते.

दुसरा धागा पाँडिचेरी, म्हणजे भारतातली फ्रेंच वसाहत, पण तिकडे जाण्याआधी पंतप्रधानपदाचे ते सात महिने सतरा दिवस घ्या, इथे निवांत थांबा, वीसपैकी निदान नऊ मिनिटं इथे द्या.

१९५० पासून हे संसदेत सांगत होते की इंडोचायनाचं, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या फ्रेंच वसाहतींतलं, युद्ध लढायचं तर पूर्ण ताकद लावा नाहीतर वाटाघाटी करा, मधला रस्ता नाही. कोणाला ऐकायचं नव्हतं. जून १९५३ मध्ये पंतप्रधान व्हायची संधी आली, तेव्हाच्या भाषणातलं 'राज्य करणं म्हणजे निवड करणं' हे त्यांचं वाक्य आजही फ्रान्समध्ये वापरतात, पण ३१४ मतं लागत होती आणि मिळाली ३०१. तेरा मतांनी गेलं. मग ७ मे १९५४ ला व्हिएतनाममधला दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला, सैन्य शरण गेलं, देश हादरला, आणि जूनमध्ये संसद यांच्याकडे परत आली. त्यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की २० जुलैपर्यंत युद्धबंदी आणतो, नाही आणली तर राजीनामा देतो. एक महिना! आणि कम्युनिस्टांची मतं मिळाली तरी मी ती मोजणार नाही, कारण वाटाघाटीत समोर बसणाऱ्या कम्युनिस्टांना वाटायला नको की हा कम्युनिस्टांच्याच मतांवर बसलाय. ४१९ विरुद्ध ४७ अशी मतं पडली, कम्युनिस्टांची वगळूनही पुरेशी होती.

जिनिव्हातल्या युद्धबंदीच्या वाटाघाटींची शेवटची रात्र सांगताना घड्याळ वापरा. २० जुलैची रात्र, कंबोडियाचा प्रतिनिधी अडून बसलाय, बारा वाजत आलेत, तिथली घड्याळं थांबवून ठेवली असं सांगतात, आणि करार २१ च्या पहाटे झाले पण तारीख २० ची पडली. सतराव्या अक्षांशावर व्हिएतनामचे दोन भाग झाले, आणि देखरेखीच्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं, कॅनडा आणि पोलंड सोबतीला. आपले कृष्ण मेनन त्या परिषदेचे सभासद नसतानाही तिथे सगळ्यांच्या गाठीभेटी घेत होते. आणि उजव्या रकान्यात बघा, २२ जुलै १९५४ ला दादरा मुक्त झालं आणि २ ऑगस्टला नगर हवेली, ज्यात आपले बाबूजी सुधीर फडके सुद्धा होते. एकाच आठवड्यात एक वसाहत टेबलावर सुटतेय आणि एक आपल्या माणसांनी जाऊन सोडवलेली.

३१ जुलैला ते विमानाने ट्युनिसला गेले आणि ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता जाहीर केली. ३० ऑगस्टला युरोपच्या संयुक्त सैन्याचा करार संसदेत ३१९ विरुद्ध २६४ ने पडला, यावर त्यांनी सरकार पणाला लावलं नाही आणि युरोपवादी मंडळींनी त्यांना हे कधी माफ केलं नाही. हा भाग मी दोन वाक्यांत उरकला. तुम्हाला युरोपच्या राजकारणात रस असेल तर वाढवा, कट्ट्यावर तो जड जातो.

त्याऐवजी दुधाला वेळ द्या. खरंच. फ्रान्समध्ये दारू फार, फळबागा असणाऱ्यांना घरी दारू गाळायचा परंपरागत हक्क, आणि हा पंतप्रधान लोकांसमोर दुधाचा ग्लास पितो, शाळेत मुलांना दूध वाटायला लावतो, दारू गाळणाऱ्यांच्या सवलतींना हात घालतो, तेही स्वतः सफरचंदाच्या दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्मंडीतून निवडून येत असताना. व्यंगचित्रकारांनी धुऊन काढलं. आमच्याकडच्या ज्येष्ठांना हे लगेच कळलं कारण त्याच वर्षांत मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि आरेची दुधाची केंद्रं सुरू झाली होती, एका आजोबांनी बाटल्यांच्या आठवणी सांगायला सुरुवात केली, मी थांबवलं नाही. शिवाय दर शनिवारी रेडिओवर साध्या भाषेत लोकांशी बोलणं, काय करतोय आणि का करतोय ते सांगणं, हे त्या काळात तिथे नवीन होतं.

आता पाँडिचेरी. १८ ऑक्टोबर १९५४ ला किळूर नावाच्या गावात निवडून आलेले १७८ प्रतिनिधी जमले, १७० जणांनी भारतात सामील व्हायला मत दिलं, ८ जण विरोधात. २१ ऑक्टोबरला दिल्लीत करार, १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे. गोळी न झाडता. आणि पोर्तुगालच्या सालाझारने गोव्यासाठी १९६१ पर्यंत आपल्याला थांबवलं, किती सत्याग्रही गेले, हा फरक गोव्याशी नातं असलेल्या आपल्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही.

पण इथेच तुमचा प्रामाणिकपणा लागतो. त्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५४ ला, अल्जीरियाचं बंड पेटलं. आणि ज्या माणसाने इंडोचायना, ट्युनिशिया, पाँडिचेरी सोडवलं त्याच माणसाने १२ नोव्हेंबरला संसदेत सांगितलं की अल्जीरिया हा फ्रेंच प्रजासत्ताकाचा भाग आहे, फुटून निघण्याचा प्रश्नच नाही, आणि सैन्य पाठवलं. हे लपवू नका. मला हे वाचून वाईट वाटलं, दोन दिवस मी विषय बदलावा का विचार करत होते. मग लक्षात आलं की १९५६ चा राजीनामा याच ठिकाणी अर्थ घेतो, दीड वर्षात माणूस कुठून कुठे आला ते त्यातच दिसतं. आवडत्या माणसाची चूक वगळली तर त्याने पुढे घेतलेली भूमिका पण फुकट जाते. म्हणून ही तारीख मी स्लाईडवर एकटीच टाकली, एकाखाली एक दोन ओळी, पाँडिचेरी आणि अल्जीरिया.

सरकार ५ फेब्रुवारी १९५५ ला पडलं, ३१९ विरुद्ध २७३, उत्तर आफ्रिकेच्या धोरणावर, आणि पाडण्यात पुढे होते त्यांच्याच रॅडिकल पक्षाचे रने मेयर. हा राजीनामा नव्हे, संसदेने पाडलंय, दोन्हींची गल्लत करू नका. मत झाल्यावर बोलायची पद्धत नव्हती तरी ते परत व्यासपीठावर गेले आणि बोलले, समोरून आरडाओरडा चालू. ज्यू असल्यावरून त्यांना आयुष्यभर जे ऐकावं लागलं तेही एका वाक्यात सांगा, शिव्या मात्र उद्धृत करू नका, गरज नाही.

नंतरची पंचवीस वर्षं लवकर घ्या. १९५८ ला द गॉल यांच्या परत येण्याला विरोध केला आणि त्याच वर्षी खासदारकी गेली. १९६७ ला ग्रनोबलमधून निवडून आले, १९६८ ला तिथेच १३२ मतांनी पडले. १९६९ ला समाजवादी उमेदवार गास्ताँ देफेर यांच्यासोबत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात उतरले, देफेर यांना मतं पाच टक्के. मी शेवटचं चित्र ठेवलं २१ मे १९८१ चं, मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले, एलिझे राजवाड्यात त्यांनी या म्हाताऱ्या माणसाला मिठी मारली आणि मँदेस फ्रान्स यांच्या डोळ्यांत पाणी. वारले १८ ऑक्टोबर १९८२ ला. किळूरच्या मतदानाचीच तारीख, अठ्ठावीस वर्षांनी.

साहित्य कुठे शोधायचं तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातली एशियाटिक, जुनी वर्तमानपत्रं बघायची असतील तर सकाळी जा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा. फ्रेंच नावांचे उच्चार विचारायला मरीन लाइन्सच्या अलियान्स फ्राँसेजमध्ये शिकणारं कोणीतरी ओळखीत निघतंच, माझ्या मैत्रिणीच्या मुलीने मला सगळी नावं व्हॉइस नोटवर बोलून पाठवली आणि मी ती चर्चगेट लोकलमध्ये घोकली. आकडे मात्र दोन ठिकाणी जुळल्याशिवाय कागदावर घेऊ नका, मतांचे आकडे तर नक्कीच.

आणि प्रश्नांची तयारी ठेवा. मला पहिलाच प्रश्न आला की पाँडिचेरीत अजून फ्रेंच पासपोर्टवाले लोक कसे. उत्तर असं की १९५४ ला फक्त कारभार आला होता, हस्तांतराचा तह २८ मे १९५६ ला झाला, म्हणजे मँदेस फ्रान्स यांच्या राजीनाम्यानंतर पाचच दिवसांनी, आणि फ्रेंच संसदेने तो मंजूर करेपर्यंत १९६२ उजाडलं. १६ ऑगस्ट १९६२ ला कायदेशीर विलीनीकरण झालं आणि तेव्हा तिथल्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व निवडायची मुभा होती. ज्यांनी निवडलं त्यांची नातवंडं आजही तिथे फ्रेंच निवडणुकीत मतदान करतात.